द्वैभाषिक मुंबई राज्याची सन १९५७ ची विधानसभा निवडणूक : निकालाच्या तेरजेचें वाचन

पेशवे दप्तरांतील हिशेबी कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस तेरीज आणि कीर्द यांतील भेद सांगण्याचें कारण नाहीं. तेरीज म्हणजे गोषवारा. ती रकमांचा मेळ घालते. परंतु रक्कम कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या हातीं आणि कोणत्या कारणानें पडली हें सांगणें तिचें काम नव्हे. तें कीर्दीनें सांगावयाचें. निवडणुकीचे निकाल म्हणून जीं कोष्टकें सरकारी अहवालांतून छापलीं जातात तीं या अर्थानें तेरजाच होत. तीं खोटीं नसतात. मात्र एकट्या तेरजेवर विसंबून इतिहास लिहूं जाणारा फसतो. मुंबई राज्याच्या विधानसभेची सन १९५७ ची निवडणूक हें याचें इतकें ठळक उदाहरण आहे कीं, तें संशोधकांपुढें एकवार तपशीलवार मांडणें आम्हांस अवश्य वाटलें.

कोणी म्हणतील कीं, हा विषय आपल्या नेहमींच्या विषयांच्या मानानें फारच अलीकडचा आहे. तसें आम्हांस वाटत नाहीं. त्या निवडणुकीस साठांहून अधिक वर्षें लोटलीं. तींत उभे राहिलेले, प्रचार केलेले आणि मतें मोजलेले लोक बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले, आणि त्यांच्या घरचे कागद आतां रद्दीच्या वाटेला लागले आहेत. सनदा व बखरी शोधणाऱ्यांनीं जी धांवपळ पूर्वीं केली तीच येथें करावी लागणार. फरक इतकाच कीं, हे कागद जुनाट दिसत नाहींत आणि म्हणून त्यांची कोणास किंमत वाटत नाहीं.

प्रथम त्या राज्याचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. मराठी भाषकांचें एक राज्य व्हावें हा ठराव मे १९४६ मध्यें बेळगांवच्या साहित्य संमेलनांत ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालीं झाला, तेव्हांपासून हा प्रश्न सार्वजनिक चर्चेंत जोमानें आला. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगानें १९५५ सालच्या अहवालांत मराठवाड्यासह द्वैभाषिक मुंबई राज्य व वेगळें विदर्भ राज्य अशी शिफारस केली. तीवर महाराष्ट्रांत क्षोभ उसळला. जानेवारी १९५६ मध्यें मुंबई शहर केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर तो अनावर झाला. नोव्हेंबर १९५५ पासूनच्या दंगलींत व गोळीबारांत शंभरांहून अधिक माणसें बळी पडलीं. चिंतामणराव देशमुखांनीं केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलें. ऑगस्ट १९५६ मध्यें लोकसभेनें निराळाच तोडगा पत्करला : गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबई शहर या सर्वांचें मिळून एकच विशाल द्वैभाषिक. हें राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजीं अस्तित्वांत आलें आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. राज्य जन्मास येऊन चार महिनेही झाले नव्हते तोंच, फेब्रुवारी १९५७ मध्यें, त्यास मतदारांपुढें जावें लागलें.

आतां तेरीज पाहूं. विधानसभेच्या एकंदर जागा ३९६. त्यांपैकीं काँग्रेस २३४, प्रजा समाजवादी पक्ष ३६, शेतकरी कामगार पक्ष ३१, कम्युनिस्ट पक्ष १३, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १३, भारतीय जनसंघ ४, हिंदु महासभा १ आणि अपक्ष ६४. मेळ बरोबर जमतो. बहुमतास १९९ जागा पुरे होत्या; काँग्रेसला त्याहून ३५ अधिक मिळाल्या. अन्य कोणताही पक्ष चाळिशीही गांठूं शकला नाहीं. पुढें केव्हां तरी, या राज्याच्या जन्माची हकीकत ठाऊक नसलेल्या एखाद्या संशोधकाच्या हातीं एवढाच कागद आला, तर तो असें लिहील कीं, १९५७ सालीं मुंबई राज्यांत एका बलाढ्य पक्षासमोर पांच-सात दुबळे पक्ष आणि विखुरलेले अपक्ष होते, व राज्यानें सरकारवर निर्धास्त विश्वास व्यक्त केला. हें लिहितांना त्यानें कागदाशीं कोठेंही अप्रामाणिकपणा केला असें म्हणतां येणार नाहीं. तरीही तें विधान सत्यापासून फार दूर राहील.

कारण ज्या संस्थेनें ती निवडणूक लढवली तिचें नांवच या कोष्टकांत नाहीं. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास टिळक स्मारक मंदिरांत, केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या सभेंत झाली. श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष आणि एस. एम. जोशी सरचिटणीस झाले. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, फेडरेशन, जनसंघ, हिंदु महासभा, कोणत्याच पक्षाचे नसलेले आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे व सेनापति बापट यांच्यासारखे पुरुष, अशी ही मोट होती. एरवीं एका व्यासपीठावर उभे राहण्यास जे राजी झाले नसते ते येथें एका मागणीपुरते एकत्र आले होते. समितीनें उमेदवार ठरविले, सभा घेतल्या, वर्गणी गोळा केली. पण निवडणूक कायद्याच्या दृष्टीनें ती पक्ष नव्हती. तिचा प्रत्येक उमेदवार आपापल्या मूळ पक्षाच्या नांवानें अथवा अपक्ष म्हणून उभा होता. एस. एम. जोशी पुण्याच्या शुक्रवार पेठेंतून निवडून आले ते तेरजेंत प्रजा समाजवादी पक्षाच्या रकान्यांत आहेत. अत्रे दादरहून निवडून आले. त्यांचा शोध अपक्षांत करावा लागतो. लोकसभेच्या त्याच वेळच्या निवडणुकींत साताऱ्याहून क्रांतिसिंह नाना पाटील आले ते कम्युनिस्ट म्हणून आणि राजापुराहून नाथ पै आले ते प्रजा समाजवादी म्हणून. मतदारांच्या मनांत हे चौघेही समितीचे. सरकारी कागदांत चौघांचे रकाने तीन.

हें ध्यानीं घेऊन पुन्हां बेरीज करावी असें कोणास वाटेल : काँग्रेसेतर सर्व आंकडे एकत्र केले कीं झालें. परंतु हा मार्गही तितकाच निसरडा आहे, आणि समितीच्या बाजूनें लिहिणाऱ्या कांहीं ग्रंथकारांचा तोल येथेंच गेलेला दिसतो. प्रजा समाजवादी पक्ष केवळ महाराष्ट्रांत नव्हता. त्याचे उमेदवार गुजरात-सौराष्ट्रांतही होते. चौसष्ट अपक्षांत समितीचे होते तसे इंदुलाल याज्ञिक यांच्या महागुजरात जनता परिषदेच्या पाठबळाचेही होते, आणि ज्यांस कोणाचेंच पाठबळ नव्हतें असेही होते. महागुजरातवाद्यांस द्वैभाषिक नको होतें हें खरें. ऑगस्ट १९५६ मध्यें अहमदाबादेंत काँग्रेस भवनापाशीं गोळीबार झाला तो याच कारणानें, आणि याज्ञिक १९५७ सालीं अहमदाबादेंतून लोकसभेवर निवडून आले ते याच लाटेवर. परंतु त्यांस मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता असें त्यांच्या मतांवरून म्हणतां येत नाहीं. तेव्हां ‘अपक्ष ६४’ हा रकाना म्हणजे जुन्या जमाखर्चांतील ‘किरकोळ’ या सदरासारखा आहे. त्याची फोड केल्यावांचून त्याचा उपयोग करूं नये. शेतकरी कामगार पक्षाच्या ३१ जागांविषयीं मात्र अशी शंका फारशी नाहीं, कारण त्या पक्षाचें बळ मराठी मुलखांतच होतें.

फेडरेशनच्या तेरा जागांविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें योग्य होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजीं, म्हणजे मतदानापूर्वीं तीन महिन्यांच्या आंत, निवर्तले. निवडणूक त्यांच्या पश्चात् झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं नागपुरास रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली व फेडरेशनचें काम त्यांत विलीन झालें. म्हणजे या तेरजेंत फेडरेशनचें नांव सार्वत्रिक निवडणुकीपुरतें अखेरचें आहे. पांचच वर्षांपूर्वीं, १९५२ सालीं, जुन्या मुंबई राज्याच्या विधानसभेंत या संस्थेचें बळ नगण्य होतें. समितीच्या मोटेंत शिरल्यानें तिला जें यश आलें तें तिच्या पूर्वींच्या व पुढील इतिहासाशीं ताडून पाहण्याजोगें आहे, आणि त्यासाठीं मतदारसंघवार कागद पाहिल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

आतां मतदानाच्या रीतीकडे वळूं. कारण तेरजेंतील प्रत्येक आंकडा त्या रीतींतून गाळून आलेला आहे. १९५२ व १९५७ या दोन्ही निवडणुकांत मतपत्रिकेवर मतदार कसलीही खूण करीत नसे. मतपत्रिकेवर उमेदवारांचीं नांवें छापलेलीं नसत. १९५२ सालची मतपत्रिका रुपयाच्या नोटेएवढी होती व ती नाशिकच्या सरकारी छापखान्यांत छापली गेली. खोलींत आडोशामागें प्रत्येक उमेदवाराची निराळी लोखंडी पेटी मांडलेली असे आणि तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे : काँग्रेसची बैलजोडी, प्रजा समाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचें कणीस व विळा, जनसंघाची पणती. मतदारानें कोरी पत्रिका आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची. या पेट्यांपैकीं लाखों १९५२ च्या निवडणुकीसाठीं मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत तयार झाल्या होत्या. खूण करण्याची रीत सार्वत्रिक निवडणुकींत आली ती १९६२ सालीं.

संग्राहकांच्या दृष्टीनें याचा अर्थ काय, तर त्या निवडणुकीची एखादी मतपत्रिका कोणाच्या दफ्तरांत निघालीच, तर तिच्यावरून ती कोणास पडली हें कळावयाचें नाहीं. मत पत्रिकेंत नव्हतें, पेटींत होतें. पेट्या उघडून, गणना करून रिकाम्या झाल्या कीं मताचा पुरावा संपला. वापरलेल्या पत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्यांत येत, तीही गोष्ट निराळीच. ही रीत सोपी होती, निरक्षर मतदारास सोईची होती. पण तींत एक छिद्रही होतें. कोरी पत्रिका पेटींत न टाकतां बाहेर नेली, तर ती दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्याच पेटींत पडूं शके, आणि पुढें ती रीत बदलतांना हा आक्षेप घेतला गेला. तथापि यावरून १९५७ चे निकालच अविश्वसनीय ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. तो दोष सर्वच पक्षांच्या वांट्यास सारखा होता.

समितीस या रीतीनें निराळीच अडचण उभी केली. समितीचें एक चिन्ह नव्हतें. एका तालुक्यांत ‘झोपडीच्या पेटींत टाका’ म्हणावयाचें, शेजारच्या तालुक्यांत ‘कणीस-विळ्याच्या’, तिसऱ्यांत आणखी कोणत्या तरी अपक्षाच्या चिन्हाच्या. सरहद्दीवरच्या गांवच्या बाजारांत दोन्हीकडचे लोक येत, तेव्हां प्रचारकाचा केवढा गोंधळ होत असेल याची कल्पना करावी. उलट काँग्रेसची बैलजोडी कच्छपासून चांद्यापर्यंत एकच. शेतकऱ्यास त्या चिन्हाची ओळख करून द्यावी लागत नव्हती. इतक्या विषम स्थितींतही समितीचे उमेदवार निरनिराळ्या चिन्हांवर निवडून आले, याचें श्रेय आम्ही प्रचाराच्या साधनांस देतों. अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं, म्हणजे द्वैभाषिकाच्या जन्मानंतर पंधरवड्यांत, सुरू झाला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचीं शाहिरी पथकें गांवोगांव हिंडत होतीं. परंतु चिन्ह बदलणाऱ्या प्रचाराचा खरा पुरावा वृत्तपत्रांत नाहीं. तो त्या त्या गांवीं वाटलेल्या हस्तपत्रकांत आहे, कारण ‘या तालुक्यांत अमुक चिन्ह’ हें वाक्य तेथेंच छापावें लागे.

तेरजेच्या वाचनांत जी चूक सर्वांत अधिक आढळते ती द्विसदस्य मतदारसंघांविषयींची होय. ३९६ जागा असल्या तरी मतदारसंघ ३३९ च होते. त्यांपैकीं २८२ एकसदस्य आणि ५७ द्विसदस्य. या सत्तावन्नांतून ११४ सभासद निवडून यावयाचे. म्हणजे सभागृहाचा चतुर्थांशाहून मोठा भाग. अशा प्रत्येक संघांत एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जाति किंवा जमातीसाठीं राखीव असे. मतदारास दोन मतपत्रिका मिळत, पण दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. लोकसभेचाही मतदारसंघ द्विसदस्य असल्यास एकाच मतदाराच्या हातीं त्या दिवशीं चार पत्रिका येत. मोजणीच्या वेळीं राखीव वर्गांतील उमेदवारांपैकीं ज्यास सर्वांत अधिक मतें त्यास राखीव जागा द्यावयाची. मग उरलेल्या सर्वांत जो अधिक मतांचा, मग तो कोणत्याही वर्गाचा असो, त्यास दुसरी.

या नियमाचे परिणाम केवढे होते हें दोन प्रसिद्ध प्रकरणांवरून दिसतें. १९५२ सालीं मुंबई शहर उत्तर या लोकसभेच्या द्विसदस्य संघांत आंबेडकर नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले. तेथें हजारों मतपत्रिका बाद ठरल्या होत्या, आणि आंबेडकर व अशोक मेहता यांनीं त्या निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. १९५७ सालीं आंध्रांतील पार्वतीपुरम् संघांत दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांस मिळाल्या आणि वराहगिरि वेंकट गिरि हरले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, परंतु निकाल फिरला नाहीं. १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य संघच बंद झाले.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. १९५७ च्या कोष्टकांतील मतांची बेरीज ही मतदारांची बेरीज नव्हे. काँग्रेसला सर्व राज्यांत शेंकडा ४९ च्या आंत मतें पडलीं असें अहवालावरून निघतें, आणि जागा मात्र शेंकडा ५९. पुष्कळ लेखक पहिल्या आंकड्यावरून ‘निम्म्याहून अधिक लोक काँग्रेसविरुद्ध होते’ असें सरळ विधान करतात. ‘लोक’ हा शब्द तेथें चुकतो. ज्यानें एक मत काँग्रेसला आणि दुसरें समितीच्या राखीव उमेदवारास दिलें, तो कोणत्या बाजूचा? तो दोन्ही रकान्यांत आहे. टक्केवारी काढावयाची ती प्रथम एकसदस्य संघांपुरती निराळी काढावी आणि द्विसदस्य संघांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा, असें आमचें मत आहे.

दुसरी चूक १९५२ शीं तुलना करण्यांतली. त्या सालीं मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकीं काँग्रेसला २६९ मिळाल्या होत्या. २६९ वरून २३४ वर आली, जागा मात्र ३१५ च्या ३९६ झाल्या, एवढें सांगून पुष्कळ लेखक थांबतात. परंतु नांव तेंच असलें तरी मुलूख तो नव्हता. जुन्या राज्यांत बेळगांव, विजापूर, धारवाड व उत्तर कानडा हे जिल्हे होते. ते, चंदगड तालुका वगळून, १९५६ सालीं म्हैसुरास गेले. अबू रोड राजस्थानांत गेलें. नव्या राज्यांत मराठवाड्याचे पांच जिल्हे हैद्राबादेंतून व विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशांतून आले, सौराष्ट्र आणि कच्छही आले. म्हणजे १९५२ सालीं मराठी मतदारानें तीन निरनिराळ्या विधानसभांसाठीं मत दिलें होतें : मुंबईच्या, १७५ जागांच्या हैद्राबादच्या आणि २३२ जागांच्या मध्य प्रदेशच्या. कच्छांत तर विधानसभाच नव्हती. या सर्वांचे मतदारसंघवार आंकडे एकत्र जुळवून मराठी मुलखाचें १९५२ चें निराळें पत्रक केल्यावांचून खरी तुलना संभवत नाहीं. हें काम कष्टाचें आहे, अशक्य मुळींच नाहीं. एखाद्या तरुण अभ्यासकानें तें हातीं घ्यावें.

असें पत्रक तयार होईपर्यंतही, प्रदेशवार पाहतां, कांहीं गोष्टी निःसंशय दिसतात. पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची दाणादाण झाली. ज्या जिल्ह्यांत पांच वर्षांपूर्वीं तिला प्रतिस्पर्धी शोधावा लागत होता तेथें तिचे नामांकित लोक पडले. स्वतः मुख्यमंत्री कऱ्हाडांतून निवडून आले, पण थोडक्या मतांनीं. सरकार तगलें तें गुजरात, सौराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ यांच्या जोरावर. एकाच पेटींतून निघाल्यासारखा दिसणारा २३४ चा आंकडा वस्तुतः चार-पांच मुलखांच्या निरनिराळ्या मतांची गोळाबेरीज आहे.

आणि या मतांचे अर्थही एक नव्हते. विदर्भांत लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांच्यासारख्यांनीं पुरस्कारलेली स्वतंत्र विदर्भाची मागणी जोरांत होती. तेथला काँग्रेसचा मतदार द्वैभाषिकावर प्रसन्न होता म्हणून तिकडे गेला असें मानण्यास आधार नाहीं. मराठवाडा नुकताच निजामी अमलांतून आणि मग हैद्राबाद राज्यांतून सुटून मराठी मुलखास जोडला गेला होता. त्यास द्वैभाषिकांतही एक मोठी आकांक्षा पुरी झाल्यासारखी वाटणें स्वाभाविक होतें. निकालानंतर काँग्रेसपक्षीय म्हणत कीं, लोकांनीं द्वैभाषिकास कौल दिला. समितीचे लोक म्हणत कीं, महाराष्ट्रानें तें झिडकारलें. दोघेही त्याच कागदाकडे बोट दाखवीत. आमच्या मतें पहिलें विधान कायद्याच्या बाबतींत खरें व अर्थाच्या बाबतींत चुकीचें आहे. दुसरें पश्चिम महाराष्ट्रापुरतें खरें आहे, सबंध महाराष्ट्रापुरतें सिद्ध झालेलें नाहीं. तें सिद्ध किंवा असिद्ध करण्याचें साधन मतदारसंघवार पुराव्यांतच आहे.

राज्यकर्त्यांनीं मात्र तेरीज बाजूस ठेवून कीर्द वाचली असें पुढील घटनांवरून दिसतें. बहुमत हातीं असतांही द्वैभाषिक टिकलें नाहीं. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास आले तेव्हां समितीनें वाटेंत केलेलीं प्रचंड निदर्शनें, आणि १९५९ सालीं इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असतांना झालेला फेरविचार, यांची परिणति १ मे १९६० रोजीं दोन राज्यांच्या स्थापनेंत झाली.

येथें एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राची जी पहिली विधानसभा बसली तिच्यासाठीं निवडणूक झालीच नव्हती. १९५७ सालीं निवडून आलेल्या ३९६ सभासदांची वांटणी झाली : २६४ महाराष्ट्राच्या वांट्यास आले, १३२ गुजरातच्या. म्हणजे ज्या राज्यासाठीं समिती लढली त्या राज्याचें पहिलें सभागृह, ज्या राज्याविरुद्ध ती लढली त्याच्या निवडणुकींतून घडलें. अत्रे, एस. एम. जोशी आणि यशवंतराव चव्हाण हे तिघेही त्याच एका मतदानाचे प्रतिनिधि म्हणून नव्या सभागृहांत बसले. महाराष्ट्रानें महाराष्ट्र म्हणून प्रथम मत दिलें तें १९६२ सालीं. त्या वेळीं २६४ पैकीं काँग्रेसला २१५ जागा मिळाल्या, शेतकरी कामगार पक्षास १५, प्रजा समाजवाद्यांस ९, कम्युनिस्टांस ६, रिपब्लिकनांस ३, समाजवाद्यांस १ आणि अपक्षांस १५. मागणी पुरी झाल्यावर मोट सुटली होती, आणि सुटलेल्या मोटेंतील काठ्या एकेकट्या मोडल्या. दोन्ही तेरजा शेजारीं मांडल्या म्हणजे १९५७ चें काँग्रेसविरोधी मत हें पक्षांचें नसून मागणीचें होतें, हें आमचें अनुमान बळावतें. मात्र १९६२ सालीं मतदारसंघ नव्यानें आंखलेले व सर्व एकसदस्य होते, हें विसरतां कामा नये.

राहिला प्रश्न साधनांचा. ग्रंथरूपानें लालजी पेंडसे यांचें ‘महाराष्ट्राचें महामंथन’ आहे, य. दि. फडके यांचें लेखन आहे, अत्र्यांचें ‘कऱ्हेचें पाणी’ आहे. यांतलें पहिलें व तिसरें चळवळींतील माणसांचें आहे हें स्मरून वाचावें. वृत्तपत्रांच्या फायली ग्रंथालयांत आहेत. जे कागद ग्रंथालयांत सहसा जात नाहींत तेच आतां गोळा केले पाहिजेत. त्यांत समितीच्या तालुका शाखांचीं हस्तपत्रकें व वर्गणीच्या पावत्या, मोजणीच्या वेळीं उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं स्वतःसाठीं टिपलेले केंद्रवार आंकडे, कारण छापील अहवालांत मतें संघवार येतात, गांववार नाहीं, शाहिरांचीं चोपडीं, उमेदवारी मागणाऱ्यांनीं समितीस लिहिलेलीं पत्रें, आणि काँग्रेसच्या तालुका समित्यांचे तेच कागद, हे प्रथम येतात. काँग्रेसपक्षाचे कागद आपल्या संग्राहकांनीं फारसे जमविले नाहींत. जिंकलेल्या आंदोलनाचे कागद लोक हौसेनें ठेवतात, निवडणूक जिंकून मुद्दा हरलेल्यांचे कोणी ठेवीत नाहीं. आणि वाद सोडविण्यास ते दुसरेच अधिक उपयोगाचे.

कागद मिळाल्यावर त्याच्या पाठीवर, पेन्सिलीनें, तीन गोष्टी लिहाव्या : तो कोणाच्या घरून आला, कोणत्या गांवीं वापरला गेला आणि १९५७ च्या आंखणीप्रमाणें तें गांव कोणत्या विधानसभा मतदारसंघांत होतें. आजच्या मतदारसंघाचें नांव लिहूं नये. १९६२ पासून सीमा वारंवार बदलल्या आहेत, आणि सत्तावन्न संघ तर दोन-दोन सभासदांचे होते. हस्तपत्रकावर चिन्ह छापलेलें असेल तर त्याची नोंद निराळी करावी, कारण त्या गांवीं समिती कोणत्या पेटींत उभी होती हें त्या एका चित्रावरूनच ठरणार आहे.